सोळा मुक्काम आणि पाऊण तास

श्रीनगर आणि लेह या दोन शहरांमधील अंतर किती, या प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत, आणि त्यांतील एकही खोटे नव्हते. नकाशावर पट्टी ठेवून दोन्ही विमानतळांमधील सरळ रेषा मोजली, तर ती सुमारे २५६ किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने १६० मैलांच्या आसपास भरते. पुण्याहून सोलापूरला जाणारा रस्ता जवळजवळ एवढाच. मोटाररस्त्याने गेल्यास हेच अंतर ४२० किलोमीटरांच्या घरात जाते. तांड्याबरोबर चालणाऱ्या तट्टूवाल्याला मैलही ठाऊक नव्हते आणि किलोमीटरही. तो सांगे, सोळा मुक्काम. इप्पोलितो देसिदेरी या इटालियन जेझुइट धर्मोपदेशकाने १७१५ च्या मे महिन्यात काश्मीर सोडले आणि जून सरता सरता तो लेहला पोहोचला. त्याच्या लेखी हे अंतर चाळीस दिवसांचे होते. आजच्या जेट विमानाला ते पाऊण तासाच्या आसपास पुरते. आणि १९४८ च्या उन्हाळ्यात असे काही आठवडे आले, की श्रीनगरहून लेहला जमिनीवरून जाण्यास किती दिवस लागतील या प्रश्नाला उत्तरच उरले नव्हते.

‘मजल दरमजल करीत’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे की त्यातील मजल म्हणजे नेमके काय, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. परंतु ती चाल माणसाच्या पायांनी ठरत नसे; ती ठरे ओझ्याच्या जनावराने. तट्टू किंवा खेचर पाठीवर भार घेऊन डोंगरवाटेने दिवसाकाठी किती चालेल आणि संध्याकाळी त्याला चारा-पाणी कोठे मिळेल, यावर मुक्कामाची जागा अवलंबून असे. श्रीनगर-लेह मार्गाचे अडीचशे मैल सोळांनी भागले म्हणजे मजल पंधरा-सोळा मैलांची पडते. हिमालयात याहून मोठी मजल मारणे म्हणजे जनावर गमावणे.

ते सोळा मुक्काम जुन्या प्रवाशांना पाढ्यासारखे पाठ असत. गांदरबल, कंगन, गुंड, सोनमर्ग, बालताल, माताइन, द्रास, शिम्शा खरबू, कारगिल, मुलबेक, बोध खरबू, लामायुरू, नुरला, सास्पोल, निमू आणि लेह. पहिले पाच काश्मीरचे. सिंध नाला नावाच्या नदीच्या काठाने, देवदार आणि अक्रोडांच्या सावलीतून ही वाट वर चढत जाते. हा सिंध नाला झेलमला मिळतो आणि ज्या महानदीच्या काठी लेह वसले आहे त्या सिंधूशी त्याचा नावापुरताच संबंध. पाचव्या मुक्कामापुढे मात्र एकाएकी झाडे संपतात, हिरवळ संपते आणि पुढे दिसतो तो उघडाबोडका, तांबूस-करडा डोंगर. हा पालट जेथे होतो ती जागा म्हणजे झोजी ला.

‘ला’ म्हणजेच खिंड; त्यामुळे ‘झोजिला खिंड’ म्हणणे हे ‘विंध्याद्री पर्वत’ म्हणण्यासारखेच आहे, पण रूढीपुढे व्याकरणाचे चालत नाही. या खिंडीची घडण चमत्कारिक आहे. सामान्यतः खिंड म्हटली की एका बाजूने चढायचे आणि दुसऱ्या बाजूने उतरायचे. झोजी ला तशी नाही. बालतालकडून ती भिंतीसारखी उभी चढते. वर गेल्यावर मात्र पलीकडे उतार असा जवळजवळ नाहीच. दरीचा तळच त्या उंचीवर पसरलेला आहे. म्हणून ती डोंगरातले दार कमी आणि घराची उंच पायरी अधिक वाटते. ती चढली की प्रवासी लडाखच्या ओटीवर उभा असतो.

तिची उंची ३,५२८ मीटर, म्हणजे साडेअकरा हजार फुटांहून थोडी अधिक. याच वाटेवर पुढे लामायुरूच्या अलीकडे फोतू ला लागते. ती ४,१०८ मीटर, झोजीपेक्षा सुमारे ५८० मीटर अधिक उंच. तरीही शतकानुशतके प्रवासी धास्तावत आले ते फोतूला नव्हे, झोजीला. याचे कारण आकाशात आहे. पश्चिमेकडून येणारे हिवाळी ढग काश्मीरच्या खोऱ्यावरून सरकत येतात आणि हिमालयाच्या मुख्य रांगेवर आदळून आपले सारे हिम झोजीच्या माथ्यावर रिते करतात. पलीकडे जाते ती कोरडी हवा. लेहला वर्षभरात पडणारा सारा पाऊस आणि बर्फाचे पाणी मिळून दहा सेंटीमीटरांच्या आसपास भरते. म्हणजे अधिक उंच खिंड हिवाळ्यात ओलांडता येई आणि कमी उंचीची खिंड बर्फाखाली बुजून जाई. वर्षातील चार-पाच महिने सोळा मुक्कामांच्या हिशेबाला काही अर्थ उरत नसे. त्या काळात टपालाच्या थैल्या पाठीवर घेऊन हिमाचे कडे केव्हा कोसळतील याचा अंदाज घेत जाणारे हरकारे तेवढे ये-जा करीत. व्यापारी तांडे वसंताची वाट पाहत.

तरीही हा मार्ग जुना आणि वाहता होता. बाबराचा मावसभाऊ मिर्झा हैदर दुघलत १५३२ साली हिवाळ्याच्या तोंडावर लडाखकडून याच खिंडीने काश्मीरवर सैन्य घेऊन उतरला होता. परंतु या वाटेचे खरे पोषण केले ते सैन्यांनी नव्हे, एका शेळीने. तिबेटच्या पश्चिम पठारावरील शेळ्यांच्या अंगावर थंडीत जी मऊ लव येते ती पश्म. तिच्यावाचून काश्मीरची शाल संभवतच नाही. १६८४ साली लडाख आणि तिबेट यांच्यात तिंगमोसगांग येथे तह झाला, त्यात या लोकरीच्या व्यापाराची कलमे आहेत. पश्चिम तिबेटची पश्म लडाखमार्गे काश्मीरकडेच जावी, अशी ती व्यवस्था होती. आणि हा व्यापार ज्या काश्मिरी व्यापाऱ्यांच्या हाती होता ते लेहच्या खाली सिंधूकाठी असलेल्या स्पितुक या गावी राहत. स्पितुकचे नाव येथे मुद्दाम ध्यानात ठेवावे. एका टेकडीवर बौद्धमठ आणि पायथ्याशी नदीकाठची सपाट रेताड जमीन, असे हे गाव पुढे अगदी वेगळ्या कारणासाठी या कथेत परत येणार आहे.

एकोणिसाव्या शतकात लडाख जम्मूच्या डोगरा राजवटीखाली आले, आणि १८७० साली महाराजा रणबीरसिंग व ब्रिटिश हिंदुस्थानचे सरकार यांच्यातील व्यापारी करारानंतर मध्य आशियाकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गाच्या देखरेखीसाठी दोघांचे मिळून दोन कमिशनर नेमले जाऊ लागले. लेहच्या बाजारात उन्हाळ्यात यारकंदचे, पंजाबचे, काश्मीरचे आणि ल्हासाचे व्यापारी एकमेकांना भेटत. वाटेवर सराया झाल्या, पूल झाले. पुस्तकांतून हे सारे वाचताना मोठे रम्य वाटते. पण ओझी कोण वाहत होते, हा प्रश्न विचारला की या रम्यतेचा रंग पालटतो. वाटेवरच्या गावांनी पाळीपाळीने हमाल आणि तट्टे पुरवावीत, अशी सक्ती होती. दर सरकार ठरवी, काळवेळ प्रवासी ठरवी. लडाखमध्ये या पाळीला ‘रेस’ म्हणत. आपण तिला वेठ म्हणू. लडाखचा उन्हाळा जेमतेम चार महिन्यांचा. जव पेरण्याचा, पाणी देण्याचा, कापण्याचा काळ तोच, आणि तांड्यांचा, साहेबांचा, अंमलदारांचा प्रवासाचा काळही तोच. श्रीनगर-लेह अंतर सोळा मुक्कामांत पार पडत होते ते वाटेवरच्या शेतकऱ्यांच्या हंगामातून एकेक दिवस कापून घेऊन.

१९४७ च्या ऑक्टोबरपर्यंत ही घडी थोड्याफार फरकाने कायम होती. त्या महिन्याच्या २६ तारखेला महाराजांनी सामीलनाम्यावर सही केली आणि दुसऱ्याच दिवशी पहिल्या शीख पलटणीचे जवान दिल्लीहून विमानाने श्रीनगरला उतरले. श्रीनगरचा विमानतळ म्हणजे तेव्हा बडगामच्या पठारावरची, महाराजांच्या खासगी विमानांसाठी राखलेली साधी जमीन. ती वेळेवर हाती राहिली म्हणून खोरे वाचले, हे सर्वश्रुत आहे. लडाखला मात्र अशी जमीन नव्हती. गिलगिट नोव्हेंबरात गेले, १९४८ च्या फेब्रुवारीत स्कर्दूला वेढा पडला, आणि लेहच्या रक्षणासाठी होती ती मूठभर संस्थानी शिपायांची तुकडी. मध्ये सोळा मुक्काम आणि झोजीवर भर हिवाळ्याचा बर्फ.

अशा वेळी डोग्रा रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीतील मेजर पृथीचंद यांनी लेहला जाण्याची तयारी दाखविली. ते लाहौलचे, त्यांचे साथीदार कॅप्टन खुशालचंद आणि बरोबरचे बहुतेक स्वयंसेवकही तिकडचेच. बर्फातून वाट काढणे हा ज्यांच्या मुलुखात हिवाळ्यातला नित्याचा व्यवहार, अशी ही माणसे. फेब्रुवारीच्या मध्यास ते श्रीनगरहून निघाले. झोजी त्यांनी अशा दिवसांत ओलांडली, ज्या दिवसांत ती ओलांडता येत नाही असेच सारे समजत होते. ८ मार्चला ते लेहला पोहोचले. सुमारे तीन आठवडे लागले. हिवाळ्याच्या मानाने हे आश्चर्यच. लेहच्या तरुणांना शिकवून त्यांची फौज उभारावयाची, यासाठी त्यांच्याबरोबर बंदुका आणि दारूगोळा होता. पृथीचंद आणि खुशालचंद या दोघांनाही पुढे महावीरचक्र मिळाले.

या तुकडीबरोबर एक अभियंता होता. त्याचे नाव सोनम नोरबू. तो लडाखचाच. त्याच्याकडे सोपविलेले काम एका वाक्यात सांगण्यासारखे होते: लेहला विमान उतरेल अशी जागा तयार करावयाची. हे काम त्याने केले ते स्पितुकपाशी, सिंधूकाठच्या त्याच रेताड सपाटीवर. यंत्रे नव्हती, रूळ नव्हते. फावडी, टोपल्या आणि माणसे होती. दगड वेचले गेले, खड्डे बुजले, रेती दाबली गेली. महिन्याभरात, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, धावपट्टी तयार झाली. ज्या ठिकाणी अडीचशे वर्षांपूर्वी पश्मीचे गठ्ठे काश्मीरच्या वाटेला लागत, तेथे आता काश्मीरकडून काही येईल म्हणून आकाशाकडे पाहिले जाऊ लागले.

पण एप्रिलमध्ये कोणीही आले नाही. येणे सोपे नव्हते. श्रीनगरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १,६५५ मीटरांवर, लेहची ३,२५६ मीटरांवर. मध्ये हिमालयाची मुख्य रांग, दक्षिणेला सात हजार मीटरांहून उंच अशी नुन आणि कुन ही शिखरे. हवाई दलाकडे होती ती डाकोटा जातीची मालवाहू विमाने. विश्वासू विमान, पण त्याला चढता येई ते चोवीस हजार फुटांच्या आसपास. आत हवेचा दाब राखण्याची सोय नाही. पंखांवर बर्फ साचले तर ते काढण्याचे साधन नाही. वाटेचा विश्वासार्ह नकाशा नाही. आणि उतरल्यावर विरळ हवेत ते पुन्हा उडेल की नाही, हे कोणी अनुभवाने सांगू शकत नव्हते, कारण तसा अनुभव कोणालाच नव्हता.

इकडे मे महिन्यात जमिनीवरची वाट हातची गेली. १० मेच्या सुमारास कारगिल पडले. सोळा मुक्कामांच्या साखळीतील नववी कडी तुटली. द्रासही पुढच्या महिन्यात गेले. शत्रू सिंधूच्या काठाकाठाने लेहच्या दिशेने सरकू लागला. श्रीनगरहून कुमक जाऊ शकत नव्हती. मनालीहून रोहतांगमार्गे गुरख्यांची एक तुकडी निघाली खरी, पण ती वाट श्रीनगरच्या वाटेहून लांब आणि तिच्यावरील खिंडी अधिक उंच. लेहचे भवितव्य आता एवढ्यावर येऊन ठेपले, की १६० मैलांची सरळ रेषा एखाद्या विमानाला कापता येते की नाही.

२४ मे १९४८ रोजी ती कापली गेली. विमान चालवीत होते एअर कमोडोर मेहरसिंग, ज्यांना हवाई दलात सारे ‘बाबा’ म्हणत. आदल्या डिसेंबरात वेढलेल्या पूंछच्या आखूड धावपट्टीवर तोफांसह डाकोटा उतरविणारे हेच. त्यांच्याबरोबर मेजर जनरल थिमय्या होते. श्रीनगरच्या डिव्हिजनचे नेतृत्व नुकतेच त्यांच्याकडे आले होते. सेनापतीने पहिल्याच, अज्ञात वाटेवरील उड्डाणात प्रवासी म्हणून बसावे, हे लष्करी शहाणपणात बसत नाही. पण वैमानिकांनी आणि शिपायांनी या वाटेवर विश्वास ठेवावयाचा असेल तर तो आपण आधी ठेवला पाहिजे, हा हिशेब त्यामागे असावा असे मानण्यास जागा आहे. झोजी आणि फोतू यांवरून, तेवीस हजार फुटांच्या आसपास उंची राखून, विमान सिंधूच्या खोऱ्यात उतरले आणि स्पितुकच्या टेकडीजवळील रेतीवर टेकले.

या उड्डाणाला किती वेळ लागला असावा याचा अंदाज करता येतो. डाकोटाची संथ चाल ताशी दीडशे-एकशेसाठ मैलांची. तेव्हा नुसते अंतर तासाभराचे; पण बडगामच्या पठारावरून त्या उंचीवर चढण्यात आणि खोऱ्यात घिरट्या घेत उतरण्यात आणखी वेळ. फार तर दीड तास धरावा. पृथीचंदांच्या तीन आठवड्यांनंतर अवघ्या अडीच महिन्यांत हा दीड तास.

लेहमध्ये पहिले विमान उतरले तेव्हा लोकांनी त्याच्यासाठी गवताचे भारे आणून ठेवले, अशी एक आख्यायिका सांगितली जाते. जगात जेथे जेथे पहिले विमान उतरले तेथे तेथे ही किंवा हिच्यासारखी गोष्ट सांगितली गेली आहे, आणि ती सांगणारे सहसा विमानातून आलेलेच असतात. यारकंद आणि ल्हासाशी व्यापार करणारे, चार भाषांत भाव ठरविणारे लेहचे बाजारकरी इतके भोळे असतील हे पटत नाही. शिवाय ती धावपट्टी त्यांनी स्वतःच्याच हातांनी केली होती. ती गवत खाणाऱ्यासाठी नाही, एवढे त्यांना ठाऊक असणारच.

जूनच्या आरंभापासून गुरखा शिपायांना घेऊन डाकोटा येऊ लागले. पहाटे उडावे, उतरताच माल उतरवावा, वारा सुटण्यापूर्वी परतावे, असा क्रम पडला. लेह टिकले. स्कर्दूचे तसे झाले नाही. तेथे लेफ्टनंट कर्नल शेरजंग थापा यांनी सहा महिने वेढा झुंजविला आणि ऑगस्टमध्ये अन्न व दारूगोळा संपल्यावर ते ठाणे पडले. तेथे विमान उतरू शकत नव्हते. लेह आणि स्कर्दू या दोन गावांच्या नशिबांतील फरकाला इतरही कारणे होती. पण स्पितुकच्या रेतीवरचा सोनम नोरबूंचा तो एक महिना त्यांतले मोठे कारण आहे. झोजी पुन्हा हाती आली ती १ नोव्हेंबरला, कोणाच्या स्वप्नातही नसताना सातव्या लाइट कॅव्हल्रीचे रणगाडे तेथवर चढविल्यानंतर. त्याच महिन्यात कारगिल परत मिळाले आणि लेहशी जमिनीवरचा दुवा जुळला. मेहरसिंग १९५२ साली एका विमान अपघातात वारले.

आज लेहला उतरणाऱ्या प्रवाशाला एक गोष्ट जाणवते: साऱ्या विमानांची गर्दी सकाळीच असते आणि दुपारपर्यंत बहुतेक हालचाल थांबते. हा वेळापत्रकाचा लहरीपणा नाही. लेहच्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश. विमानाला उचलून धरते ती हवाच. ती विरळ असली म्हणजे उडण्यासाठी अधिक वेग हवा, अधिक लांब धाव हवी. ऊन चढले की हीच हवा आणखी विरळ होते. शिवाय डोंगराचे उतार तापले म्हणजे सिंधूच्या खोऱ्यातून जोराचा वारा वाहू लागतो. त्यात भर म्हणजे विमानतळ खोऱ्यात असा बसला आहे की विमाने साधारणतः एकाच बाजूने उतरतात आणि त्याच बाजूला तोंड करून उडतात. मठाची ती टेकडी आजही वैमानिकाच्या वाटेत उभीच आहे. परतीच्या फेरीत विमान पुष्कळदा पूर्ण भरता येत नाही. म्हणजे यंत्राच्या युगातही येथे ओझे किती न्यावयाचे आणि केव्हा निघावयाचे हे ठरविते ती हवा. जसे पूर्वी ते तट्टू आणि चारा ठरवीत.

मोटाररस्ता त्यानंतर आला. १९६२ च्या सुमारास श्रीनगरहून लेहपर्यंत वाहन जाऊ लागले आणि सोळा मुक्कामांचे दोन दिवस झाले, मध्ये रात्र कारगिलला. १९७४ साली लडाख प्रवाशांना खुले झाले. पुढे नागरी विमानसेवा आली, विमानतळाला लडाखचे धर्मगुरू, संसदसदस्य आणि मंगोलियातील राजदूत राहिलेले कुशोक बकुल रिंपोचे यांचे नाव मिळाले. पण या साऱ्या प्रगतीत एक विलक्षण गोष्ट घडली. लेहचे अंतर श्रीनगरवरून मोजण्याची रीतच हळूहळू सुटली. मालवाहू विमाने चंदिगडहून येऊ लागली, प्रवासी विमाने बहुतांशी दिल्लीहून. ज्या दोन गावांमधील नाते तीन शतके पश्मीच्या धाग्याने बांधलेले होते, त्यांच्यामधील थेट उड्डाणे दिल्लीच्या मानाने थोडकीच राहिली.

आणि मधले मुक्काम? विमानाला मधली गावे नसतात. माताइन, बोध खरबू, नुरला ही नावे पूर्वी प्रत्येक प्रवाशाच्या रोजनिशीत येत, कारण तेथे रात्र काढल्यावाचून गत्यंतर नव्हते. वेठ गेली हे उत्तमच झाले. पण तिच्याबरोबर तट्टांचे भाडे, चाऱ्याची विक्री, सराईतला चार पैशांचा व्यवहारही गेला. कारगिलची स्थिती तर अधिकच विचित्र. श्रीनगर आणि लेह यांच्या बरोबर मध्यावर असलेल्या या गावावरून विमाने जात असत, आणि हिवाळ्यात झोजी बंद झाली की तेथील आजारी माणूस, परीक्षेला जाणारा विद्यार्थी यांना ना इकडे जाता येई ना तिकडे. पुढे तेथेही धावपट्टी झाली, आणि हिवाळ्यात हवाई दलाची मालवाहू विमाने नागरिकांची ने-आण करू लागली. लोक त्यांना ‘कारगिल कुरिअर’ म्हणतात. १९९९ साली याच रस्त्यावर द्रासजवळ डोंगरमाथ्यांवरून तोफांचा मारा झाला तेव्हा ५१ वर्षांपूर्वीचे सारे हिशेब पुन्हा एकदा मांडावे लागले. झोजीखालून तेरा किलोमीटरांहून लांब बोगदा खोदण्याचे काम २०२० साली सुरू झाले, ते या अनुभवांच्या पोटी.

तरीही या अंतराचा एक भाग असा आहे, की जो कोणत्याही यंत्राने अद्याप कमी केलेला नाही. तांड्याबरोबर जाणारा माणूस सोळा दिवसांत हळूहळू वर चढे. सोनमर्गला एक रात्र, झोजीपलीकडे दुसरी, कारगिलला थोडे खाली, फोतूला पुन्हा वर. त्याचे रक्त, त्याचा श्वास त्या पायरीपायरीने विरळ हवेशी जुळते होत. प्रवास लांबल्याची तक्रार करणाऱ्या जुन्या प्रवाशाला हे कळत नसे, की ती दिरंगाई त्याचे औषध होती. विमानाने ती हिरावून घेतली. १९६२ च्या युद्धाच्या सुमारास सपाटीवरचे हजारो जवान एकदम उंचावर नेले गेले, तेव्हा धडधाकट तरुणांची डोकी असह्य दुखू लागली, काहींच्या फुप्फुसांत पाणी भरले, काही दगावले. इंदर सिंग आणि त्यांचे सहकारी या भारतीय लष्करी डॉक्टरांनी अशा १,९२५ जवानांची पाहणी करून १९६९ साली जो निबंध प्रसिद्ध केला, तो या विकाराच्या अभ्यासातील एक पायाभूत लेख मानला जातो. जगाला ही माहिती मिळाली ती आपल्या जवानांच्या अंगावर काढलेल्या आजारातून.

म्हणून लेहच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाला आज जो पहिला उपदेश मिळतो तो चालण्याचा नाही, पडून राहण्याचा. एक दिवस, शक्य तर दोन दिवस विश्रांती. जिने सावकाश चढावे, भरपूर पाणी प्यावे, खिंडीकडे लगेच धावू नये. पाऊण तासात वाचविलेल्या दिवसांपैकी दोन तरी असे परत द्यावे लागतात. उतावळे प्रवासी ते देत नाहीत, आणि त्यांतील काहींना पहिल्याच रात्री धाप लागून गावातल्या सरकारी रुग्णालयात न्यावे लागते. तेथे त्यांच्या नाकाला प्राणवायूची नळी लावतात. त्या रुग्णालयाच्या दारावर नाव आहे ते सोनम नोरबू यांचे.